उणे एकात सात

नानीकावा, उत्तर तारावा
३ फेब्रुवारी २०१९

तेरामीरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही ते फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. फोडलं नसशील तर तुझ्या मावशीने फोडून समोर ठेवलं असेल. मीच तिला तसं कळवलं होतं.

अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. का नाही, हे विचारायचा तुला हक्क आहे. उत्तर द्यायला मला जरा वेळ लागेल.

मावशीचं पत्र गेल्या आठवड्याच्या विमानाने आलं. तू नर्सिंगचं दुसरं वर्ष सोडलंस आणि सुव्यातल्या बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरतेस, असं तिने लिहिलंय. बाकी सगळ्या पेपरांत वर्गात पहिली, आणि औषधांच्या हिशेबाच्या पेपरात अर्ध्यावरून उठलीस. पेशंटने किती पाणी घेतलं, किती बाहेर टाकलं, फरक काढा, असा काहीतरी प्रश्न होता. त्यात उणे चिन्ह दिसलं आणि तू पेन ठेवून बाहेर आलीस. कॉलेजवाले एकोणीस जूनला पुन्हा बसू देणार आहेत. नाही बसलीस तर नाव कायमचं कापणार. आणि तू मावशीला म्हणालीस, "माझ्या हातात आकडे देऊ नका, माणूस मरतो."

हे वाक्य वाचून मी पत्राची घडी घातली. मग उठून भात टाकला.

हे बघ, मी मास्तरीण आहे. रडणाऱ्या पोरीला जवळ घेणं मला कधी जमलं नाही, गणित घालणं जमतं. म्हणून खाली बारा गणितं घातली आहेत. पहिली आठ तुला डोळे मिटून येतील. शेवटच्या चारांत उणे आहे. सोडवून पाठव. कोऱ्या कागदावर नुसती उत्तरं लिहिलीस तरी चालेल, "प्रिय बाई" वगैरे घालायची गरज नाही.

इकडचं सांगण्यासारखं एवढंच की मेअखेर मी निवृत्त होते. गाव मनेआबात जेवण घालणार आहे. त्या मोठ्या छपराखाली मला मधोमध बसवून डोक्यावर फुलांचं कडं घालणार म्हणे. चाळीस वर्षं पोरांना अंक शिकवले म्हणून.

खाडीतला मोजखांब अजून आहे. लाकडाचा नाही, आता लोखंडी नळ आहे.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही.

नेई तोआकाई


नानीकावा
२७ फेब्रुवारी २०१९

तेरामीरा,

तुझा कागद मिळाला. नाव नाही, तारीख नाही, बारा अंक आणि अकरा उत्तरं. अकराही बरोबर. पाचातून आठ गेले, उणे तीन. उणे तिनात पाच मिळवले, दोन. उणे दोनातून आणखी चार गेले, उणे सहा. मग तुला उणे येत नाही असं कोण म्हणतं?

बारावं सोडलंस. हरकत नाही.

तरी मी एकदा सगळं पहिल्यापासून सांगते. तुला गरज आहे म्हणून नव्हे, मला सांगावंसं वाटतं म्हणून.

तुला तो खांब पुरला तो दिवस आठवतो का? तू आठ वर्षांची असशील. पलीकडच्या बेटावरची तुम्ही पोरं ओहोटीला खाडी चालत ओलांडून शाळेत यायचात, आणि भरती लवकर आली की निम्मी दांडी मारायचात. म्हणून मी माडाचा सरळ खांब घेतला, मुठीएवढ्या अंतरावर घरं आखली आणि आकडे रंगवले. खाडीचा तळ म्हणजे शून्य. त्याच्या वर एक, दोन, तीन. आणि खांब पुरण्याआधी त्याच्या खालच्या टोकावरही आकडे रंगवले, उणे एक, उणे दोन, पार उणे बारापर्यंत. गाव जमून हसत होतं. तुझे आजोबा सगळ्यांत मोठ्याने. माडावर चढून माडी काढून काढून त्यांचे पाय वाकले होते, डोळ्यांवर तेव्हाच ढग यायला लागले होते, पण जीभ शाबूत होती.

"बाई, जमिनीखाली आकडे कोणासाठी? खेकड्यांसाठी?"

"तुमच्यासाठी, तेन बाउरो. उद्या वर्गात या."

आणि ते आले की. मागच्या चटईवर, पोरांच्या मध्ये, काठी आडवी ठेवून बसले. त्यांनी विचारलं ते चाळीस वर्षांत दुसऱ्या कोणी विचारलं नाही. "पाणी संपलं की संपलं. संपल्यावर आणखी कसं संपेल?"

मी सगळ्यांना खाडीवर नेलं. ओहोटी होती, तळ कोरडा होता. खांबाच्या कडेने खणायला लावलं. गुडघाभर खड्डा झाला तेव्हा तळाशी पाणी लागलं, आणि खांबावर तिथे लिहिलेलं होतं उणे चार. आजोबांनी हात घालून पाणी चाचपलं, बोटं चाटून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे ते गेलेलं नसतं. खाली बसलेलं असतं."

यापेक्षा चांगलं मला कधी शिकवता आलं नाही. उणे म्हणजे नाही असं नव्हे. शून्य कुठे रंगवायचं ते माणूस ठरवतो, पाण्याला त्याची खबर नसते.

त्या दिवसापासून मी भरती-ओहोटीच्या सरकारी तक्त्यावरून महिन्याभराचा रोजचा आकडा काढून शाळेच्या दारावर लावायची. ओहोटी किती वाजता आणि पाणी खांबावर कुठपर्यंत उतरणार, एवढंच. अधिक आकडा असेल तर भिजायची तयारी, उणे असेल तर बिनधास्त या. डोळे अधू झाल्यावर आजोबांना पुढच्या आठवड्याचे आकडे तूच वाचून दाखवायचीस. खाडी ओलांडताना ते खांबावर काठी ठोकायचे, जितकं उणे तितके ठोके, आणि माझ्या खिडकीकडे ओरडायचे, "उणे चार, बाई. पोरं उशिरा आली तर पाण्याला दोष देऊ नका."

ठोके मला अजून ऐकू येतात. लोखंडी नळावर लाकडासारखा आवाज कसा येतो, ते मला विचारू नकोस.

आणखी बारा गणितं घातली आहेत.

नेई तोआकाई


नानीकावा
२५ मार्च २०१९

तेरामीरा,

या वेळी उत्तरं नाहीत, एकच ओळ. "बाई, बारावं गणित तुम्ही मुद्दाम घातलंत का?"

नाही. उणे एकात सात मिळवा, हे गणित माझ्या हाताने आपलं आपण लिहिलं. पाकीट चिकटवल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हा ते फोडायला हवं होतं. मी फोडलं नाही.

तू विचारलंसच आहेस तर त्या आठवड्याबद्दल थोडं लिहिते.

त्या वर्षी खडीवाल्यांची बोट आली. रस्त्यासाठी खाडीच्या तळातली खडी उपसून नेली आणि जाताना चालायची वाट सात घरं खोल करून गेली. खांबही उखडला होता. गावाने तो पुन्हा पुरला, नव्या तळावर शून्य धरून. खांबाशी खणलेला जुना खड्डा गाळाने बुजला होता. म्हणजे जुन्या हिशेबाने काढलेला महिन्याचा तक्ता आता खोटा ठरला होता, आणि सगळे आकडे सात घरांनी बदलायला हवे होते. मला ताप होता. तू वर्गात सगळ्यांत हुशार, म्हणून ते काम मी तुला दिलं. तू ते केलंस. तुझ्या सुंदर अक्षरात तक्ता दारावर लागला.

पहिले चार दिवस उधाणाचे होते, ओहोटीला पाणी फार खाली जायचं. मग शनिवार-रविवार कोणी खाडी ओलांडली नाही. सोमवारी भांगाची ओहोटी होती, पाणी फारसं उतरतच नव्हतं. तक्त्यावर त्या दिवशी उणे आठ होतं, आणि खाडीत अधिक सहा होते.

आकडे चुकले. झालं ते असं.

मनेआबात म्हाताऱ्यांनी मला विचारलं, तक्ता कोणाचा? मी म्हणाले, अक्षर तेरामीराचं आहे. ते खरंच होतं. कोणी तुला शिक्षा केली नाही. म्हाताऱ्यांनी एवढंच म्हटलं की पोर आहे, सोडून द्या. तुझी आई आधीच गेलेली, बाप जहाजावर, म्हणून मावशी येऊन तुला घेऊन गेली.

तू चौदा वर्षांची होतीस, बाळ. चौदाव्या वर्षी कोणाचंही चुकतं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मी तर कधीच तुला दोष दिला नाही.

पेपरला बस.

नेई तोआकाई


नानीकावा
९ मे २०१९

तेरामीरा,

सहा आठवडे झाले, तुझ्याकडून काही नाही. मावशीचं मात्र आलंय. माझं मागचं पत्र तू चुलीत घातलंस, आणि पेपरला बसणार नाही असं ठरवून कारखान्यात कायमची नोकरी मागितलीस. चुलीत घातलंस ते चांगलं केलंस. त्या पत्राला तीच जागा होती.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तिन्ही शाळेच्या मागे जाळली. या वेळी दुपारी लिहायला बसले आहे, वर्गात, पोरं घरी गेल्यावर. खिडकीतून खाडी दिसते. ओहोटी लागली आहे.

आत्ता ठोके पडले. आठ.

नेहमी आठच पडतात. अकरा वर्षं. सुरुवातीला मी पोरांना विचारायची, कोणी नळ ठोकतंय का रे बाहेर? ती एकमेकांकडे बघायची, म्हणून विचारायचं सोडून दिलं. एकदा उठून पाहून आले. नळाभोवती ओल्या वाळूत फक्त माझीच पावलं. मी ख्रिस्ताला मानणारी बाई आहे, असल्या गोष्टी मानत नाही, आणि ओहोटीच्या वेळी खिडकीकडे पाठ करून बसते.

आता लिहिते.

तू ते काम केलंस आणि तुझी कच्ची वही मला तपासायला आणून दिलीस. ती माझ्याकडे आहे. सगळी अकरा वर्षं माझ्या पेटीत, चर्चच्या पांढऱ्या कपड्यांखाली होती. मंगळवार, उणे बारात सात, उणे पाच. बुधवार, उणे अकरात सात, उणे चार. असं खाली जात जात सोमवार, उणे एकात सात. तिथे तू पेन्सिलीने लिहिलं आहेस, अधिक सहा. शेजारी बारीक अक्षरात, "बाई, या दिवशी पाणी असणार, सगळ्यांना सांगायचं का?"

तुझे सहा बरोबर होते. तुझे सगळेच बरोबर होते.

मी ते खोडले. निळ्या शाईने, एकेक करून.

कसं ते ऐक. मी अंगात ताप घेऊन चटईवर पडले होते आणि मनात वाट बघत होते, खणलेली, खोल गेलेली. मला वाटलं, जिथे पाणी होतं तिथे आता सात घरं जास्त पाणी, आणि जिथे कोरडं होतं तिथे सात घरं जास्त कोरडं. किती सोपं. म्हणून अधिक दोनाचे नऊ तसेच ठेवले, ते बरोबरच होते. आणि उणे एकाचे उणे आठ केले. सात मिळवायचे म्हणजे आकडा मोठा व्हायला हवा, असं समजून उणे चिन्हामागचा आकडा मोठा केला. पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक. तळ सात घरं खाली गेला तर त्याच्यावर पाणी चढतं, हे मला, खांबाच्या खालच्या टोकाला आकडे रंगवणाऱ्या बाईला, सुचलं नाही. तुझी चिठ्ठी वाचून मला हसू आलं. म्हटलं, पोरगी घाबरली. मग सगळे आकडे मी नव्या कागदावर उतरवले आणि तुला फक्त तो कागद दिला, सुंदर अक्षरात काढ म्हणून. तू वही परत मागितलीस. मी म्हणाले, राहू दे माझ्याकडे.

तू कागदावरून काढलंस. बाईंनी तपासलंय म्हटल्यावर पुन्हा कोण तपासतं?

पहिले चार दिवस मी उणे एकोणीस लिहिलं काय आणि उणे पाच असलं काय, पायाखाली कोरडंच होतं. कोणाला कळणार? माझी चूक चार दिवस त्या कोरड्या वाळूवर आरामात बसून होती.

त्या वर्षी तू शाळेच्या वसतिगृहात राहायला आली होतीस, सोमवारी दुपारी तिथेच होतीस. आजोबा निघाले तुला काकवी द्यायला. माडीची, दाट आटवलेली, बाटलीत. बिरिता काठावर जाळं दुरुस्त करत होती. तिने हाक मारली होती, हे तिने मनेआबात सांगितलं, पण तुला बाहेर ठेवलं होतं म्हणून तू ऐकलं नसशील.

"अहो बाउरो, पाणी आहे. मागे फिरा."

आणि ते पाण्यात उभं राहून हसले. "डबकं आहे गं. खणलेलं साचलंय. आज उणे आठ आहे, नातीने काढलाय आकडा."

त्यांना पाणी लागलं होतं, तेरामीरा. गुडघ्याला लागलं होतं. दुसरा कोणीही म्हातारा मागे फिरला असता. पण गावात तेच एक होते ज्यांना उणे कळत होतं. उणे आठ म्हणजे पाणी जमिनीखाली हातभर खोल, तेव्हा पायाला लागतंय ते डबकंच, आणखी चार पावलांत संपेल. त्यांनी आपल्या पायांवर विश्वास ठेवला नाही, माझ्या आकड्यावर ठेवला. मीच शिकवलं होतं त्यांना. पुढे उपसलेल्या जागेची कड होती, आणि भरती लागली होती.

बाटली दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाजूला लागली. फुटली नव्हती.

मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. प्रेत सापडायच्या आधी मी घरी जाऊन वही उघडली होती. मनेआबात गेले तेव्हा मला सगळं माहीत होतं. म्हाताऱ्यांनी विचारलं आणि मी म्हणाले, अक्षर तेरामीराचं आहे. तिथे तुझ्या घराच्या ठरलेल्या जागेवर तू मावशीच्या मागे बसली होतीस, निकाल ऐकायला तुला तेव्हा आत आणलं होतं, आणि माझ्याकडे बघत होतीस. पोरांनी मनेआबात बोलायचं नसतं. मी बोलेन म्हणून तू बघत होतीस, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तू मी रागावले का ते बघत होतीस.

शाळा गेली असती म्हणून गप्प बसले. बाकी कारणं मी शोधली, पण टिकली नाहीत.

आणि मार्चच्या पत्रात मी तुला माफ केलं. जी चूक तू केलीच नाहीस तिच्याबद्दल. आयुष्यात मी बरंच वाईट केलं असेल, पण इतकं घाण दुसरं काही केलं नाही.

अजून एक. तुझा पहिला कागद आला तेव्हा बारावं उत्तर कोरं नव्हतं. खोडरबराने घासून घासून कागद विरला होता. मी तो खिडकीशी धरला. खाली सहा होते.

वही या पत्रासोबत पाठवते आहे. टपालाचा भरवसा नाही, म्हणून दवाखान्यातली नर्स सुव्याला चालली आहे तिच्या हाती देते. पेन्सिल तुझी, शाई माझी. दोन्ही नीट दिसतात.

तोआकाई


नानीकावा
२ जून २०१९

तेरामीरा,

वही पोचली, असं नर्सने कळवलं. तू ती दारातच घेतलीस.

शुक्रवारी माझं जेवण झालं. म्हणजे झालं नाही.

मनेआबा भरला होता. नीरफणस भाजलेले, मोठी अळकुडी नारळाच्या दुधात, मासे, डुकराचं मांस, डब्यातलं गोमांसही उघडलेलं. पोरांनी नाच बसवला होता. माझ्या डोक्यावर कडं घातलं आणि प्रमुख म्हातारे म्हणाले, बाईंनी आपल्या बेटाला मोजायला शिकवलं. मग मला बोलायला सांगितलं.

मी कडं काढून चटईवर ठेवलं. तिथे फळा नव्हता, म्हणून कोळशाने फळीवर लिहिलं, उणे एकात सात. पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीला विचारलं, किती? ती म्हणाली, सहा. मी म्हणाले, अकरा वर्षांपूर्वी तेरामीरानेही सहाच लिहिलं होतं. मी ते खोडून उणे आठ केलं, आणि तेन बाउरो पाण्यात गेले. मग इथे येऊन मी तुम्हाला तिचं नाव सांगितलं.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

बिरिता पहिल्यांदा बोलली. उभी न राहता, मान खाली घालूनच. "मी त्याला दुसऱ्यांदा हाक मारली नाही. नातीचा आकडा म्हणाला, म्हणून पुन्हा जाळ्याला लागले." एवढंच. मग तिने आपलं ताट उचललं आणि निघून गेली. तिच्यामागून बाकीचे. अन्न तसंच राहिलं. प्रमुख म्हातारे शेवटी उठले, आणि तुमच्या घराच्या जागेकडे बोट दाखवून मला म्हणाले, "ती जागा अकरा वर्षं रिकामी आहे, बाई. आम्ही समजत होतो पोरीला लाज वाटते म्हणून."

आता वाटेत माणसं माझ्याशी बोलत नाहीत. दुकानात तांदूळ मोजून देतात आणि तोंड फिरवतात. मला हेच हवं होतं असं म्हणणार नाही, मला हे अजिबात नको होतं. आज चर्चमधून एकटी परत आले आणि रडले.

ठोके अजून पडतात. मला वाटलं होतं थांबतील. कालही आठच.

तू पेपरला बस असं मी आता सांगणार नाही. मी कोण सांगणारी? मावशीने पाठवलेला प्रश्न मी आज पुन्हा वाचला. पेशंटचा सकाळचा फरक उणे शंभर, त्यानंतर सातशे पाजले, तर आता किती? म्हणजे त्या पेपरातही तुझ्यासमोर तेच येऊन बसलं होतं.

तू कोणतंही गणित चुकली नव्हतीस. मला एवढंच सांगायचं होतं, आणि एवढं सांगायला मी तुझी अकरा वर्षं घेतली.

तोआकाई


सुवा
१७ जून २०१९

बाई,

वही मिळाली. पत्र मिळालं. दुसरंही मिळालं.

परवा पेपर आहे. बसते आहे. तुमच्यासाठी नाही.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. मला उणे येत नाही म्हणून मी उठले नव्हते. ते गणित मी रोज करते. पुडे भरताना, बसमध्ये, अंघोळ करताना. उणे एकात सात. अकरा वर्षं. दर वेळी सहाच येतात. कितीही उलटसुलट केलं तरी सहाच. तुमच्या कागदावर माझ्या वहीतलेच आकडे आहेत असं मी धरून चालले होते, मग त्या एका दिवशी माझ्या हातून उणे आठ कसे लिहिले गेले, हे मला कळायचं नाही. वाटायचं, माझ्या डोक्यात असं काहीतरी आहे जे एरवी दिसत नाही आणि माणूस मरायच्या दिवशीच बाहेर येतं. असल्या बाईने कोणाला सुई टोचावी? पेपरात उत्तर मला येत होतं. सहाशे. लिहून झालं होतं. आपलं उत्तर बरोबर वाटतंय, याचीच मला भीती वाटली.

तुमची निळी शाई बघून मी हसले. मावशी घाबरली. मग मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले, आजोबा गेले तेव्हा रडले नव्हते तितकं. तेव्हा मला रडायचा हक्क आहे असं वाटलं नव्हतं.

तुम्हाला माफ केलं असं समजू नका. पुढे कधी करेन का, तेही माहीत नाही. आणखी गणितं पाठवू नका.

एक काम मात्र करा. ठोके पडले की तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसता ना, ते बंद करा. ओहोटीला खाडीवर जा. त्यांना नीट दिसायचं नाही, तेव्हा जवळ जाऊन मोठ्याने सांगा, शाळेत सांगायचात तसं. आठ तुमचे होते. पोरीने सहा काढले होते, आणि पाणी असणार हेही लिहिलं होतं.

तेरामीरा बाउरो